नोकरी सुटणं आणि नोकरी सोडणं

नागपूरच्या मनीषनगरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, बी.कॉम., एम.बी.ए. आधी तीन वर्षं एका फायनान्स कंपनीत होते, आता साडेचार वर्षं एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहेत. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी केजी टूमध्ये, आईवडील सोबत, आणि बँकेच्याच स्टाफ लोनवर घेतलेला फ्लॅट. लिहितात: "ताई, पगार वाईट नाही. पण सकाळी जयप्रकाशनगरला मेट्रोत बसलो की पोटात गोळा येतो. सीताबर्डी यायच्या आत ग्रुपवर 'आजचं कमिटमेंट' टाकायचं असतं, किती पॉलिसी, किती खाती. रात्री आठला त्याचीच झाडाझडती. कॉलेजात असताना मी अकाउंट्सच्या शिकवण्या घ्यायचो, तेवढं एकच काम मनापासून केल्याचं आठवतं. सोडावी का, कधी, कशी? बायकोला अजून सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, लागलेली नोकरी कोणी सोडते का बे? आणि मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या धाकट्या भावासारखा आहे."

बरं, मग अरे-तुरेच.

पत्रावरची तारीख आधी पाहिली. २८ मे. म्हणजे ऐन नवतपा, उन्हाळ्याचे सर्वात कडक नऊ दिवस. नवतप्यात नागपुरात कोणालाही कोणतीही नोकरी सोडावीशी वाटते, माझ्या घरी भांडी घासायला येणारी बाईसुद्धा दर वर्षी याच आठवड्यात काम सोडते आणि मृगाच्या पहिल्या सरीला परत येते. पण तू लिहिलंस की हे दोन वर्षांपासून चाललंय, हिवाळ्यातही गोळा येतो. मग उन्हाला बोल लावून उपयोग नाही.

तुझ्या पत्रात पगाराचे, हप्त्याचे, टार्गेटचे आकडे भरपूर आहेत. मी मात्र चौथ्या परिच्छेदातल्या दोन ओळींवर अडकले. तू लिहिलंस, "एका आजींनी एफडी करायला दोन लाख आणले होते, त्यांना पॉलिसी दिली. वर्षाने त्या डब्यात चिवडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बेटा, या वर्षीचं व्याज कधी जमा होईल? त्यांच्या पिशवीत दुसऱ्या हप्त्याची नोटीस होती." आणि पुढच्याच ओळीत तू ईएमआयवर गेलास. चिवडा खाल्लास की नाही, तेही लिहिलं नाहीस.

तुझं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. तू त्याला "कामात समाधान नाही" म्हणतोस. कंटाळलेला माणूस सोमवारी उशिरा पोचतो, त्याच्या पोटात गोळा येत नाही. गोळा येतो तो आपल्याला न पटणारी गोष्ट आज पुन्हा करायची आहे, हे ठाऊक असलेल्याला. हा फरक मी उगाच करत नाही, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर ठरतात. नुसता कंटाळा असता तर मी म्हटलं असतं, दुसऱ्या बँकेत जा, पंधरा-वीस टक्के वाढवून घे. पण तिथेही टेबल तेच असेल आणि समोर दुसऱ्या आजी असतील. दोन वर्षांनी तू मला हेच पत्र लिहिशील, फक्त हप्ता मोठा झालेला असेल.

तुझा तो सहकारी म्हणतो की म्युच्युअल फंडाचा डिस्ट्रिब्युटर हो, परीक्षा सोपी आहे. परीक्षा अवघड नाही हे खरं. पण हिशेब मांडून पाहा: लोकांचे एक कोटी रुपये तुझ्यामार्फत गुंतले आणि वर्षाला पाऊण टक्का कमिशन धरलं तरी ७५ हजार होतात, महिन्याला सव्वासहा हजार. एक कोटी जमायला किती दारं वाजवावी लागतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. विकणं नकोसं झालेल्या माणसाने बिनपगारी विकायला निघू नये. आणि सहकाऱ्याने "कस्टमरची लिस्ट काढून ठेव" असंही सुचवलंय, ते तर अजिबात करू नकोस. ती यादी तुझी नाही, बँकेची आणि त्या माणसांची आहे.

एक दार मात्र तू ठोठावलेलंच दिसत नाही. बँकेत सगळेच विकत नसतात. क्रेडिट आहे, ऑपरेशन्स आहे, ऑडिट आहे. इंटर्नल जॉब पोस्टिंग निघतात, सेल्समधून तिकडे जाणारे थोडे असतात पण असतात. पगार थोडा थांबेल, इन्सेंटिव्ह जाईल. येत्या चार महिन्यांत एकदा तरी अर्ज टाक. मिळालं तर शिकवण्याचा विचार सावकाश करता येईल. नाही मिळालं, तर निदान विचारलं नव्हतं ही रुखरुख उरणार नाही.

आता शिकवणी. कॉलेजातली आठवण गोड असतेच, तेव्हा ईएमआय नसतो. म्हणून आधी तपासून बघ. सोसायटीतली अकरावी-बारावी कॉमर्सची चार पोरं धर आणि दर रविवारी सकाळी दोन तास फुकट शिकव. फुकटच, कारण तुझ्या नेमणूकपत्रात नोकरीत असताना दुसरं कमाईचं काम करायचं नाही असं कलम बहुतेक असेल, आणि जाता जाता बँकेच्या हाती कोलीत द्यायचं नाही. पहिले दोन रविवार मजेत जातील. सहाव्या रविवारी, त्याच पोराला घसारा तिसऱ्यांदा समजावताना, ज्याने गृहपाठ केलेला नाही आणि जो फोनकडे बघतोय, तेव्हा तुझं काय होतं ते बघ. चिडलास तरी हरकत नाही. पण घरी येताना "याला दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने सांगता येईल" हा विचार डोक्यात असेल, तर तू मास्तर आहेस. घड्याळ बघत असलास तर तेही कळेल, आणि स्वस्तात कळेल.

कधी सोडायची, हा प्रश्न तू सर्वात मोठ्या अक्षरात लिहिलास, पण मला तोच सोपा वाटतो. त्याचं उत्तर तुझ्या कपाटातल्या फाइलमध्ये आहे.

तू २ नोव्हेंबरला लागलास. येत्या नोव्हेंबरात पाच वर्षं भरतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, पाच वर्षांच्या सलग नोकरीवर मिळते. नव्या कामगार संहितेत एका वर्षावर मिळते असं कोणी सांगेल, पण ते ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी आहे, तू कायम आहेस. चार वर्षं २४० दिवस पुरतात असंही सांगतील. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण तो छापून घेऊन एचआरच्या दारात उभं राहण्यापेक्षा चार महिने जास्त थांबलेलं बरं. शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझा बेसिक ३४ हजार लिहिलायस, म्हणजे सुमारे ९८ हजार रुपये होतात. बायकोच्या पगाराला जोड म्हणून एवढ्यात घरचे तीन महिने निघतील.

यावर मी एवढी का अडून बसले, तर माझे बुडाले म्हणून. मीही एका बँकेत होते. मार्चएंडला साहेबांशी खटका उडाला आणि मी हाताला आलेल्या पे-इन-स्लिपच्या मागे राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, कोऱ्या कागदावर लिहून आणा, स्लिप वाया जाते." मी कोऱ्या कागदावर लिहून आणला! चार वर्षं पाच महिने झाले होते. ग्रॅच्युइटी नावाची गोष्ट असते हे मला घरी आल्यावर शेजारच्या काकांनी सांगितलं.

तेव्हा २ नोव्हेंबर जाऊ दे. आणि हुशारी म्हणून ऑगस्टमध्येच राजीनामा देऊन नोटिशीचे ९० दिवस त्या तारखेच्या पलीकडे नेऊ, असं करू नकोस. राजीनामा हातात पडल्यावर बँक तुला आधीही मोकळं करू शकते. पाच वर्षं भरू दे, दिवाळी होऊ दे, मग दे. २० नोव्हेंबरला दिलास तर १८ फेब्रुवारीच्या आसपास सुटशील. हे शिकवणीच्या हंगामालाही धरून आहे. नोव्हेंबरात कोणी नवीन क्लास लावत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा असते, अकरावीतून बारावीत जाणाऱ्यांच्या सुट्टीतल्या बॅचेस त्यानंतर सुरू होतात, आणि दहावीचा निकाल लागला की अकरावीची पोरं येतात. तुला जागा बघायला, फळा लावायला, पत्रकं वाटायला मार्च मिळतो. सीए फाउंडेशन शिकवायची हिंमत असेल तर ती परीक्षा आता वर्षातून ३ वेळा होते, त्यामुळे एक बॅच हुकली तरी वर्ष जात नाही.

तुझा वरिष्ठ म्हणेल, मार्चएंड करून जा, व्हेरिएबल (वर्षाचा बोनस) मिळेल. इथे मी उलटं सांगेन. बहुतेक ठिकाणी व्हेरिएबल हातात पडायच्या दिवशी तू नोकरीत हवास आणि नोटिशीवरही नको असतोस, ते कलम वाच. गेल्या तीन वर्षांत तुला ४१ हजार, शून्य आणि १८ हजार मिळाले. एवढ्यासाठी जूनपर्यंत थांबलास तर शिकवणीचं अख्खं वर्ष जाईल. ग्रॅच्युइटीसाठी थांब, बोनससाठी थांबू नकोस.

घराच्या कर्जाकडे मात्र तू नीट पाहिलेलं दिसत नाही. स्टाफ लोनचं मंजुरीपत्र काढ आणि नोकरी सुटल्यावर काय होतं ते वाच. कुठे दर बाजारभावाला नेतात, कुठे कर्ज फेडा म्हणतात. दर वाढणारच असं धरू. २८ लाख बाकी, १८ वर्षं राहिली, दर साडेसहाचा साडेआठ झाला, तर २२ हजारांचा हप्ता २५ हजारांच्या पुढे जातो. हे सोसेल. पण कर्ज दुसरीकडे हलवायची वेळ येणार असेल तर ते राजीनाम्याच्या आधी, पगाराच्या स्लिपा चालू असताना. नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू बँकेच्या लेखी "सेल्फ-एम्प्लॉइड, नो आयटीआर" आहेस. अशा किती लोकांच्या फायली तू स्वतः परत पाठवल्यास ते आठव. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं होईपर्यंत तुलाही कोणी दारात उभं करणार नाही.

आईला नऊ वर्षांपासून साखर आहे आणि विमा बँकेच्या ग्रुप पॉलिसीतला. तो शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी याच पावसाळ्यात घे. आधीच्या आजारासाठी कमाल ३ वर्षांची प्रतीक्षा लावता येते, म्हणजे जितकी उशिरा घेशील तितकी पुढे सरकेल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत सरकता येतं का, तेही विचार. आधीच्या वर्षांचा फायदा पुढे मिळू शकतो. अर्ज मात्र ग्रुप पॉलिसी चालू असतानाच करायचा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा.

पीएफला हात लावू नकोस. फायनान्स कंपनीतलं जुनं खातं अजून तसंच पडलंय असं लिहिलंस, ते आत्ताच या खात्यात ट्रान्सफर करून घे. पेन्शनच्या भागाचे पैसे काढायचा मोह होईल, काढू नकोस, फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला, घे. तुझी तीन आणि पाच मिळून आठ वर्षं होतात, पेन्शनला दहा लागतात. उद्या कुठल्या कॉलेजात लागलास आणि तिथे पीएफ असला तर उरलेली दोन तिथे भरतील.

किती शिल्लक हवी? लोक सहा महिन्यांचा खर्च म्हणतात. मी खर्च मोजत नाही, खड्डा मोजते. तुमच्या घरचा खर्च हप्त्यासकट ५२ हजार आहे. वाढलेला हप्ता आणि विम्याचा हप्ता धरून ५८ हजार. बायकोचा पगार २८ हजार. म्हणजे महिन्याला ३० हजारांचा खड्डा. शिकवणीला बरे दिवस यायला दीड वर्ष धर, म्हणजे ५ लाख ४० हजार. तुझ्याकडे एफडी आणि फंड मिळून साडेपाच आहेत, वर ग्रॅच्युइटी. म्हणजे जमतं, पण जेमतेम. या हिशेबात गाडी बदलणं बसत नाही, आणि मेहुण्याच्या लग्नात तू बोललेली रक्कमही बसत नाही. तिथे आत्ताच हात आखडता घे, वाईटपणा आला तरी.

हा सगळा हिशेब मी मांडला, पण जिच्या पगारावर तो उभा आहे तिला तू अजून सांगितलेलंच नाहीस. हे मला मुळीच आवडलं नाही. तुझे दोन वर्षांचे रविवार संध्याकाळचे चेहरे तिने पाहिलेत, तिला काहीच कळलं नसेल असं समजू नकोस. कदाचित तिला याहून वाईट काही वाटत असेल. या आठवड्यात सांग. मुलगी झोपल्यावर, हा कागद समोर ठेवून. आणि ती शिक्षिका आहे. शिकवण्याच्या धंद्याबद्दल तिला जे माहीत आहे ते तुला किंवा मला माहीत नाही, तेव्हा सांगून झालं की गप्प बसून ऐक.

राहिले बाबा. तू लिहिलंस की ते मिलमध्ये होते, तू लहान असताना मिल बंद पडली आणि मग त्यांनी इतवारीत एका दुकानात हिशेब लिहिले. कोणती मिल ते लिहिलं नाहीस, या शहरात ते फार विचारावंही लागत नाही. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. गांधीसागरजवळ तिच्या जागेवर आज मॉल आहे, आणि त्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय न ठेवणारे म्हातारे मला माहीत आहेत. तुझ्या बाबांच्या पिढीला नोकरी सोडणं हे क्रियापद माहीतच नाही. त्यांना माहीत आहे ते नोकरी सुटणं. सुटते ती आपल्या हातून सुटते, सकाळी गेटवर नोटीस लागलेली असते आणि डबा तसाच घरी येतो. तू "सोडतो" म्हणतोस तेव्हा त्यांच्या कानावर "सुटली" पडतं.

म्हणून त्यांना विचारायला जाऊ नकोस. विचारलंस तर ते नाहीच म्हणतील, आणि मग तू त्यांचं मन मोडून करतोयस असं होईल. सांगायला जा, आणि तेही बायकोशी ठरल्यावर. रविवारी सकाळी त्यांना तर्री पोहे खायला घेऊन जा, आणि तिथे हिशेबाचा कागद काढ. मिल गेल्यावर त्यांनी दुकानाचे हिशेब लिहिलेत, भाषणाने ते हलणार नाहीत, कागदावर वाकतील. त्यातली एखादी चूक त्यांना सापडू दे. सापडलीच तर फार उत्तम, कारण मग तो कागद त्यांचाही होतो. तरी चार दिवस ते बोलणार नाहीत, हे धरून चाल.

कशी सोडायची ते लवकर सांगून टाकते. राजीनाम्यात तीन ओळी: सोडतोय, नोटीस पूर्ण करीन, धन्यवाद. कारणं, तक्रारी, आजी, काहीही नाही. ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, त्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, नेमणूकपत्र स्वतःकडे घे. रिलीव्हिंग लेटर आणि नो ड्यूज हातात पडेपर्यंत सगळ्यांशी गोड राहा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते दोन महिन्यांनी बघ. नसेल चढली तर तेव्हा ती स्वतः टाकता येते. नोटिशीच्या काळात साहेब अबोला धरतील किंवा अचानक प्रमोशनचं बोलतील. दोन्हींचा अर्थ एकच, त्यांचं टार्गेट आता कोण करणार. सहकारी मात्र एकेक करून चहाला बोलावतील आणि हळूच विचारतील, किती दिवसांची तयारी केली होतीस रे.

आता परत आजी. तू सोडलंस की त्यांचे दोन लाख सुटत नाहीत. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची फ्री-लूक मुदत गेली आहे. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनी एका वर्षाच्या पूर्ण हप्त्यानंतरही काहीतरी मिळतं, पण भरलेल्यापेक्षा बरंच कमी. म्हणून आधी तक्रार. विमा कंपनीकडे लेखी: ६६ वर्षांच्या बाईला एफडी सांगून दर वर्षीच्या हप्त्याची पॉलिसी दिली, पैसे परत द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

हा अर्ज त्या आजी स्वतः लिहू शकणार नाहीत. तू लिहू शकतोस, कारण काय झालं ते तुलाच ठाऊक आहे. चौकशी झाली तर तुझं नाव निघेल, तुला बोलावतील, कदाचित शेवटचे महिने अवघड जातील. अगदी पत्र आलं तर ते घेऊन वकिलाकडे जा, लपवू नकोस. हे सगळं माहीत असूनही मी म्हणेन, आत्ता लिही, नोकरीत असताना. फेब्रुवारीनंतर त्या काउंटरवर येतील तेव्हा तुझ्या खुर्चीवर नवा मुलगा असेल, आणि त्याला यातलं काहीही माहीत नसेल.

त्यांचा पत्ता तुझ्या कागदात आहे, पण आधी फोन करून विचार, येऊ का म्हणून. गेलास की पॉलिसीचं मूळ बाड मागून घे. पहिल्या पानावर तारीख असते, आतल्या अर्जावर "वार्षिक उत्पन्न" आणि "व्यवसाय" हे रकाने असतात. तिथे काय भरलंय ते बघ, आणि कोणाच्या अक्षरात भरलंय तेही. चहा देतील, तो पी.